बी.कॉम. होईस्तोवर थांब

सहदेव मेस्त्रींना आम्ही सर म्हणायचो, पण कॉलेजच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव नव्हतं. रेल्वेच्या एका वर्कशॉपात ते फिटर होते. पाळी संपली की डबा आणि एक खाकी पिशवी घेऊन ते घाटकोपरला आमच्या कॉलेजच्या मैदानावर यायचे आणि अंधार पडेपर्यंत पोरांना हॉकी शिकवायचे. त्यांना बोलावलं कोणी, हे प्राचार्यांनाही ठाऊक नसावं. एकदा मी विचारलं तर म्हणाले, ‘‘मैदान रिकामं दिसलं, म्हणून आलो.’’ ते १९७१ सालचं रिकामं मैदान. मी कॉलेजात गेलो १९८१ला. तोवर त्यांची तिथे दहा वर्षं झाली होती आणि नवे प्राध्यापक त्यांना जिमखान्याचा शिपाई समजून खुर्च्या उचलायला सांगायचे. सर उचलायचेही.

माणूस बुटका, सावळा, केस कायम बारीक कापलेले. डावा गुडघा पूर्ण वाकत नसे, त्यामुळे बसताना तो पाय काठीसारखा पुढे पसरून बसायचे. गाव कणकवलीच्या बाजूचं. एरवी मुंबईचं मराठी बोलायचे, पण राग आला किंवा मन भरून आलं की मालवणीत घसरायचे. ‘‘खय बघतंस? बॉल हय आसा,’’ अशी हाक आली की लेफ्ट-आउटपासून गोलकीपरपर्यंत सगळे आपापल्या पायाशी बघायचे.

घराणं सुताराचं, म्हणून हातात कसब होतं. कॉलेज आम्हाला वर्षाला चार नव्या स्टिका द्यायचं, त्याही मारूनमुटकून. बाकीच्या सगळ्या सरांनी जोडलेल्या. चीर गेलेली स्टिक ते घरी न्यायचे, चिरेत सरस भरायचे, वरून सुती दोरा असा करकचून आवळायचे की दोन दिवसांनी ती परत आली की जुनी की नवी कळू नये. जरा जड व्हायची एवढंच. आमचं मैदान मुरुमाचं. उन्हाळ्यात बॉल दगडावर आपटून कुठे जाईल त्याचा नेम नसायचा. सरावाआधी नळाला पाइप लावून अख्खं मैदान भिजवायचं काम सर स्वतः करायचे, आणि त्या ओल्या मुरुमाचा वास आला की अजूनही माझे हात स्टिक शोधतात. आता तिथे पार्किंग आहे.

मी भीमराज ओव्हाळ. राहायला मानखुर्दला. आमचे आबा, दादू ओव्हाळ, ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात माळी होते. दिवसभर शास्त्रज्ञांच्या बंगल्यांपुढची हिरवळ कापायची आणि संध्याकाळी घरी येऊन मला विचारायचं, ‘‘आज काय शिकवलं?’’ ते स्वतः चौथी शिकलेले. आमच्या वस्तीत ग्रॅज्युएट म्हणावेत असे तिघेच होते आणि चौथा मी व्हायचं, हे मी पाळण्यात असतानाच ठरलेलं असणार. हॉकीशी माझा संबंध आला तो केळ्यांमुळे. हॉकीच्या पोरांना सरावानंतर दोन केळी आणि एक उकडलेलं अंडं मिळतं, असं कळलं आणि मी मैदानावर हजर झालो. सरांनी माझ्या हातात स्टिक दिली, मी बॉल उचलून मारला, तो थेट त्यांच्या डब्यावर गेला. ते म्हणाले, ‘‘उद्या ये.’’

दोन वर्षांत मी लेफ्ट-इन, म्हणजे डाव्या बाजूचा आतला फॉरवर्ड, म्हणून संघात पक्का झालो. चांगला खेळायचो. आता साठीला आलोय, खोटा विनय कशाला करू.

आता सरांच्या नियमाबद्दल. त्या काळी हॉकी खेळून पोट भरायचा एकच मार्ग होता. रेल्वे, कस्टम्स, बँका, गोदी, तेल कंपन्या, या सगळ्यांचे हॉकीचे संघ असत. त्यांची माणसं कॉलेजांच्या सामन्यांना येऊन बसत, एखादा पोरगा डोळ्यात भरला की त्याला खेळाडू म्हणून नोकरीवर घेत. सकाळी थोडं ऑफिस, दुपारी सराव, आणि संघ दौऱ्यावर गेला की सगळं भरपगारी. आम्हाला यापलीकडे स्वर्ग माहीत नव्हता. फक्त बोलावणं कॉलेज संपायच्या आत यायचं आणि प्रश्न पडायचा, की आत्ता जायचं का पदवी घेऊन जायचं.

आणि बोलावणं यायचं ते सरांकडे. आमचे पत्ते म्हणजे कुणाचा मानखुर्दच्या वस्तीतला, कुणाचा भांडुपच्या डोंगरावरचा. पोस्टमन तिथवर पोचेलच याची खात्री नाही. म्हणून सगळ्या संघांची पत्रं ‘द्वारा, हॉकी प्रशिक्षक’ अशी कॉलेजात येत आणि जिमखान्याचा कारकून ती सरांच्या खाकी पिशवीत टाकी. त्या पिशवीतून गेल्याशिवाय कुणीही कुठे गेला नाही.

सरांचा नियम असा, की पोराने आधी बी.कॉम. व्हायचं. बी.ए.च्या पोरांनाही ते बी.कॉम.च म्हणायचे. ‘‘बी.कॉम. होईस्तोवर थांब. हॉकी खय पळान जाना नाय.’’

यामागची गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती. १९५७ साली सर स्वतः कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. रेल्वेने हॉकीसाठी बोलावलं, ते कॉलेज सोडून गेले आणि खलाशी म्हणून लागले. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे. वर्कशॉपात अवजड सामान उचलणारा, तेलाने माखलेला, सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस. सीताराम नावाचा त्यांचा दोस्त फुलबॅक होता. तो मात्र थांबला, बी.ए. झाला, आणि त्याच संघात क्लार्क म्हणून आला. मैदानावर दोघे सारखेच. एकत्र चहा, एकत्र दौरे, एका ताटात जेवण. असं सात वर्षं चाललं. मग सरांचा गुडघा गेला, आणि खेळाडू-खलाशीमधला खेळाडू गळून नुसता खलाशी उरला. पुढे सीताराम हेडक्लार्क झाला. सरांचा रजेचा अर्ज त्याच्या टेबलावर जायचा आणि सही होईपर्यंत सर समोर उभे राहायचे.

‘‘माणूस चांगला हां सीताराम,’’ सर सांगायचे. ‘‘बस ना रे सद्या, म्हणायचा. पण खुर्ची नसायची.’’

१९८३च्या नोव्हेंबरात आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेलो. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. सामना आम्ही हरलो, पण आमचे दोन्ही गोल माझे. संपल्यावर पांढऱ्या टोपीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. एका मोठ्या सरकारी कंपनीच्या संघाचे ते निवड करणारे. कंपनीचं नाव लिहीत नाही, अजून तिथे ओळखीची माणसं आहेत. त्यांनी डायरीत माझं नाव उतरवून घेतलं, बारावीला किती टक्के ते विचारलं आणि म्हणाले, ‘‘पत्र येईल. वाट बघ.’’

मी वाट बघितली. डिसेंबरभर रोज संध्याकाळी, बूट घालायच्या आधी मी विचारायचो, ‘‘सर, काही आलं?’’

सर स्टिकेला दोरा गुंडाळत असायचे. वर न बघता म्हणायचे, ‘‘नाय.’’

जानेवारीतही विचारत राहिलो. मग एक दिवस मीच बंद झालो. त्या हिवाळ्यात मला जे वाटलं ते स्पष्ट सांगतो. मला वाटलं, आपण तेवढे चांगले नाहीच. टोपीवाल्याने घरी जाऊन डायरी उघडली असेल, दुसरं एखादं नाव बघितलं असेल आणि माझ्यावर काट मारली असेल. खेळात एकदा हे डोक्यात शिरलं की वाट लागली समजा. जिथे मी दोघांना चुकवून आत घुसायचो, तिथे बॉल दुसऱ्याकडे देऊन मोकळा व्हायला लागलो. सर ओरडले नाहीत. एरवी एवढ्यावर त्यांनी मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या असत्या. त्यांच्या गप्प बसण्याचाही मी तोच अर्थ लावला, की यांनीही आपल्यावर पाणी सोडलं.

जूनमध्ये निकाल लागला. सेकंड क्लास. आबांनी सगळ्या वस्तीला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तर आमच्या दारात मेस्त्री सर. भांडुपहून मानखुर्दला विचारत विचारत आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पेढ्यांचा पुडा. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. आईने, म्हणजे सोनूबाईने, एकुलती एक खुर्ची पुसून दिली. सर पाय पसरून बसले आणि आबांना म्हणाले, ‘‘भाऊ, तुमचं पोर ग्रॅज्युएट झालं.’’ आबांनी त्यांचे दोन्ही हात हातात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

मग सरांनी खाकी पिशवीतून एक लांबट पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. ‘‘घे. तुझं आहे.’’

पाकिटावर माझं नाव होतं. शिक्का डिसेंबर त्र्याऐंशीचा. पाकीट चिकटवलेलं तसंच होतं.

‘‘डिसेंबरातच आलेलं,’’ सर म्हणाले. चेहरा असा, की वाढदिवसाची भेट द्यायला आलेत. ‘‘ट्रंकेत ठेवलेलं. तेव्हा दिलं असतं तर तू पळाला असतास. मी नाही का पळालो? आता जा त्यांच्याकडे पदवी घेऊन आणि सांग, खलाशी नको, क्लार्कची खुर्ची द्या.’’

‘‘तुम्ही वाचलं नाही?’’ मी विचारलं.

‘‘दुसऱ्याचं पत्र कसं फोडणार?’’ ते म्हणाले. सहा महिने दडवून ठेवणं चालतं, फोडणं चालत नाही. सरांच्या सगळ्या सचोटीची गंमत अशी होती.

मी पाकीट फोडलं. इंग्रजीत टाइप केलेलं पत्र. संघात खेळाडू म्हणून निवड झाली आहे, बारावीच्या गुणपत्रिकेसह ३१ डिसेंबर १९८३पूर्वी हजर व्हावे. आणि पद, कनिष्ठ लिपिक. म्हणजे क्लार्क. मी दोनदा वाचलं. सरांच्या वेळचा नियम कधीच मागे पडला होता. आता बारावी पास पोराला ती कंपनी सरळ खुर्चीवरच बसवत होती, शिवाय उरलेले पेपर द्यायला रजाही मिळाली असती. मला थांबायची काही गरजच नव्हती.

‘‘काय लिहिलंय रे?’’ सरांनी हसून विचारलं. ‘‘खलाशी ना?’’

आबा माझ्याकडे बघत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि सरांचं अर्ध्यावर सोडलेल्या कॉलेजातलं इंग्रजी सत्तावीस वर्षांत पार पुसलं गेलेलं. खोलीत ते पत्र वाचू शकणारा मी एकटा.

‘‘हो सर,’’ मी म्हणालो. ‘‘खलाशीच.’’

सरांनी आबांच्या मांडीवर थाप मारली. ‘‘बघा भाऊ. सांगत होतो की नाही?’’

हे मी दयेपोटी केलं असं कुणाला वाटेल. तसं नाही. मला इतका राग आला होता, की एक खरा शब्द तोंडातून निघाला असता तर मागोमाग सगळेच निघाले असते, आणि ते आबांच्या देखत, निकालाच्या दुसऱ्या दिवशी, पेढे हातात असताना मला नको होतं. दोन दिवसांनी मी एकटा त्या कंपनीत गेलो. टोपीवाले गृहस्थ भेटले. ‘‘अरे, तू आलाच नाहीस,’’ ते म्हणाले. ‘‘आम्ही जानेवारीपर्यंत थांबलो, मग दुसरा लेफ्ट-इन घेतला. आता भरती बंद आहे.’’ ती तशीच बंद राहिली. मी बँकेच्या परीक्षा दिल्या आणि ८५ साली मुलुंडच्या एका शाखेत क्लार्क झालो. त्या बँकेला क्रिकेटचा संघ होता, कॅरमचा होता, हॉकीचा नव्हता.

तरी रविवारी मी मैदानावर जायचो. आजी-माजी खेळाडूंचा आपसात सामना व्हायचा. सर नव्या पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, ‘‘ह्याला खलाशी करायला निघालेले. मी पत्र दाबून ठेवलं. आज बघा, बँकेत पंख्याखाली बसतो.’’ पोरं माझ्याकडे बघायची. मी बुटाची नाडी बांधत राहायचो. कधी वाटायचं, त्या पंख्यासकट सगळं सांगून टाकावं. मग सर पळत, म्हणजे त्यांच्या पद्धतीने लंगडत, पाइप बंद करायला जायचे आणि माझी हिंमत जायची.

असं अडीच वर्षं चाललं, पुढेही चाललं असतं. पण ८६च्या डिसेंबरात एका रविवारी सरांनी मला बाजूला घेतलं.

‘‘चंदूचं पाकीट आलंय,’’ ते खालच्या आवाजात म्हणाले.

चंदू म्हणजे चंद्रप्रकाश राणे, मुलुंडचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. राइट-आउट. असा धावायचा की मागच्याने नाद सोडावा. अभ्यासात मात्र पहिलं वर्ष दोनदा केलेलं.

‘‘रेल्वेचं आहे. ठेवलंय ट्रंकेत,’’ सर पुढे म्हणाले. ‘‘पोरगा तोंड पाडून बसलाय, तू बसलेलास तसाच. रोज विचारतो. तू जरा समजाव त्याला. पत्राचं बोलू नको, नुसतं सांग, बी.ए. हो म्हणून. तुझं ऐकेल. तुझं उदाहरण आहे ना डोळ्यापुढे.’’

मी चंदूकडे पाहिलं. तो एकटाच मैदानाच्या कडेने बॉल नेत होता, आणि समोर कुणी नसतानाही त्याने शेवटी तो बाजूला ढकलून दिला. ते ढकलणं माझ्या ओळखीचं होतं.

तीन दिवस मी नीट जेवलो नाही. बोललो तर म्हाताऱ्याचं काय होईल ते दिसत होतं. त्यांच्या आयुष्यात त्यांनी जिंकलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे मी. आणि न बोललो, तर माझ्या खोटेपणावर आणखी एका पोराचा हिवाळा जाणार होता. सरांनी माझं पत्र दडवलं ते आत काय आहे हे न जाणता. चंदूचं दडवलं जात होतं ते मला माहीत असताना. बुधवारी बँक सुटल्यावर मी माझं जुनं पत्र खिशात घातलं आणि भांडुपला गेलो.

सर घरीच होते. जानकीवहिनी, त्यांची बायको, कुळीथ निवडत बसल्या होत्या. मला बघून चहा टाकायला उठल्या. सर खाली बसले होते, मांडीवर एक फुटलेली स्टिक. मी समोर बसलो, पत्र उलगडलं आणि म्हणालो, ‘‘सर, हे माझं पत्र. त्या दिवशी मी खोटं बोललो. आता मराठीत वाचून दाखवतो.’’

एकेक ओळ वाचली. पद वाचलं. तारीख वाचली. टोपीवाला काय म्हणाला तेही सांगितलं. बोलताना माझा आवाज चढला असावा, कारण वहिनी चहा तसाच ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या.

सरांनी पत्र हातात घेतलं. ते इंग्रजी त्यांना लागत नव्हतं, तरी एका जागी बोट ठेवून विचारलं, ‘‘हय लिवलाहा क्लार्क?’’

‘‘त्याच्या खालच्या ओळीत.’’

त्यांनी बोट खाली सरकवलं आणि तिथेच ठेवलं. मग पत्राची घडी घालून मला परत दिली, उठले, ट्रंक उघडली आणि चंदूचं पाकीट काढलं. तेही चिकटवलेलं तसंच.

‘‘चल,’’ ते म्हणाले.

‘‘चहा घेऊन जा ना,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘नको गो.’’

मुलुंडला चंदूच्या चाळीत पोचेपर्यंत त्यांनी ते पाकीट पिशवीत न टाकता हातातच धरलं होतं. चंदू गॅलरीत उभा होता. सरांना बघून गडबडला. सरांनी पाकीट त्याच्या हातात दिलं आणि काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं, ‘‘आठ दिवसांपूर्वी आलंय. मी दडवलेलं. चुकलं माझं. फोड आणि वाच.’’

चंदूने फोडलं. ओठ हलवत वाचलं. मी देवाबिवाला मानत नाही, पण त्या क्षणी मनात म्हणालो, क्लार्क असू दे.

‘‘खलाशी आहे, सर,’’ चंदू म्हणाला.

मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते ताठ होतील. त्यांचंच खरं निघालं होतं. इथे ते माझ्यावर ओरडू शकले असते, पाकीट परत हिसकावून घेऊ शकले असते.

‘‘तारीख किती?’’ त्यांनी विचारलं.

‘‘सोमवार.’’

‘‘पाच दिवस आहेत. घरात बोल.’’

चंदूने पत्र छातीशी धरलं होतं. ‘‘सर, जाऊ का?’’

ज्या प्रश्नाचं उत्तर या माणसाने पंधरा वर्षं, विचारायच्या आधीच, प्रत्येक पोराला देऊन ठेवलं होतं, तो प्रश्न.

‘‘माका विचारू नको,’’ सर म्हणाले. ‘‘मी गुडघ्यानं विचार करतंय.’’

चंदू गेला. रेल्वेकडून नऊ मोसम खेळला, देशभर हिंडला, पुढे खात्याच्या परीक्षा देत देत एक-दोन पायऱ्या चढला. बी.ए. काही झाला नाही. त्याची वाट लागली नाही आणि सोनंही झालं नाही. परवा भेटला तेव्हा विचारलं, पस्तावलास का रे? म्हणाला, कधी कधी, महिन्याच्या शेवटी. मग हसला आणि ग्वाल्हेरच्या एका फायनलबद्दल बोलायला लागला, तो तासभर थांबलाच नाही.

मी मात्र त्या संध्याकाळबद्दल सांगत होतो. चंदूच्या चाळीतून निघाल्यावर आम्ही स्टेशनकडे चालत होतो. सरांचा पाय जास्तच ओढला जात होता. भाजीवाल्यांच्या गर्दीत ते मध्येच थांबले.

‘‘तू रोज विचारायचास,’’ ते म्हणाले. ‘‘सर, काही आलं? म्हणून. आणि मी नाय म्हणायचो.’’

‘‘हो.’’

‘‘तुला काय वाटायचं तेव्हा?’’

‘‘वाटायचं, मी चांगला नाही खेळत.’’

त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला. लोक धक्के मारून पुढे जात होते. अडीच वर्षं मला वाटत होतं, की या माणसाला हे एकदा कळावं, चांगलं झोंबावं. झोंबलेलं समोर दिसत होतं, आणि मला त्यात कसलाही आनंद झाला नाही.

‘‘राग नाय इलो माझो?’’

‘‘आला. अजून आहे.’’

‘‘आसांदे,’’ ते म्हणाले. मग पुन्हा चालायला लागत, ‘‘पण अडीच वर्षं माझ्याशी बोलत कसा होतास रे? रविवारी येत कसा होतास?’’

मी म्हणालो, ‘‘गाडी येईल, चला.’’

त्यानंतर कॉलेजात आलेली पत्रं कारकून थेट पोरांच्या हातात द्यायला लागला. सरांनीच तसं सांगितलं होतं. पोरं पत्र वाचून त्यांच्याकडे यायची, ते म्हणायचे, घरी विचार. रविवारी मी जात राहिलो. राग होता आणि जात होतो, दोन्ही खरं. ८९च्या सुमारास बाकीची मोठी मैदानं हिरव्या गालिच्याची, म्हणजे अ‍ॅस्ट्रोटर्फची, झाली, मुरुमावर शिकलेली पोरं कुणाला नकोशी झाली आणि आमचा संघ हळूहळू मोडला. सर निवृत्त झाल्यावर मी भांडुपला जायचो. तेव्हा ते माझेच सामने मला सांगायचे. कुठल्या साली, कुठल्या कॉलेजाविरुद्ध, मी बॉल कुठे घेतला, कुणाला डावीकडून काढलं, गोलकीपर कुठल्या पायावर होता. मी विसरलेलेही. माझ्या बायकोने मला खेळताना पाहिलेलं नाही, मुलांना तर मी बँकेतलाच माहीत. आबा कधी मैदानावर आले नाहीत, त्यांना सुट्टी नसायची. मी चांगला खेळायचो, हे त्या एका पत्रापलीकडे कुठल्याही कागदावर नाही. ते जपून ठेवलं होतं फक्त त्या एका माणसाने, आणि ते जगात कुणाला दाखवायचं राहून गेलं तेही त्याच माणसामुळे. मग रविवारी मी दुसऱ्या कुणाकडे जाणार होतो?

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये सर गेले. जानकीवहिनींना भेटून परत येताना मी रडलो, आणि खरं सांगायचं तर त्यातलं थोडं रडणं माझ्या स्वतःसाठी होतं. माझ्यातला लेफ्ट-इन तोंडपाठ असलेलं आता कुणी उरलं नव्हतं.